लाइव्ह यूएसबीवरील स्थायी साठवण

लाइव्ह यूएसबीवरील स्थायी साठवण म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या संचालन प्रणालीत केलेले बदल संगणक बंद झाल्यानंतरही टिकवून ठेवण्याची सोय होय. इंग्रजीतील 'पर्सिस्टन्स' या नावानेही ती ओळखली जाते. लाइव्ह प्रणाली मूलतः केवळ वाचनीय असते. तीत लिहिलेला मजकूर, बदललेली मांडणी आणि बसवलेली सॉफ्टवेअरे संगणकाच्या रॅममध्ये राहतात व वीज बंद होताच नाहीशी होतात. स्थायी साठवणीत हे बदल रॅमऐवजी पेनड्राइव्हवरील राखीव जागेत नोंदवले जातात आणि पुढील वेळी प्रणाली सुरू होताना मूळ प्रणालीवर पुन्हा चढवले जातात. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह घेऊन वेगवेगळ्या संगणकांवर आपले काम पुढे चालू ठेवता येते आणि त्या संगणकांच्या हार्ड डिस्कवर काहीही लिहावे लागत नाही.

संकल्पना

लाइव्ह यूएसबीची रचना लाइव्ह सीडीवरून आलेली आहे. छापील सीडीवर नंतर काही लिहिता येत नसल्याने संपूर्ण प्रणाली एका संपीडित फाइलमध्ये बांधून ठेवावी आणि बदलांसाठी रॅमचा वापर करावा, अशी पद्धत रूढ झाली. पेनड्राइव्हवर लिहिता येत असले तरी बहुतेक लिनक्स वितरणांनी हीच रचना पुढे चालू ठेवली. तिचे फायदेही आहेत. मूळ प्रणाली बिघडत नाही, प्रत्येक वेळी ती स्वच्छ अवस्थेत सुरू होते आणि संपीडनामुळे कमी जागेत मावते.

ही विस्मरणशीलता काही कामांसाठी गुण ठरते. बिघडलेल्या संगणकातील फाइली बाहेर काढणे, नवी प्रणाली बसवण्यापूर्वी यंत्रसामग्री तपासणे किंवा मागे खूण न ठेवता काम करणे यांसाठी ती सोयीची आहे. मात्र सामायिक संगणकावर रोज काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच दोष ठरतो. त्याने दुपारभर टंकलेला निबंध, निवडलेला मराठी कळफलक आणि वाय-फायचा पासवर्ड हे तिन्ही संगणक बंद होताच जातात. स्थायी साठवण ही उणीव भरून काढते.

इतिहास

क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉपिक्स या डेबियन-आधारित वितरणामुळे लाइव्ह सीडी हा प्रकार सर्वदूर पोहोचला. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या पपी लिनक्सने सत्रातील बदल एका फाइलमध्ये जतन करण्याची पद्धत आपल्या रचनेच्या केंद्रस्थानी ठेवली. जुन्या, कमी क्षमतेच्या संगणकांसाठी ते वितरण लोकप्रिय झाले.

स्थायी साठवणीसाठी दोन तंत्रे आवश्यक होती. पहिले, केवळ वाचनीय संपीडित फाइल प्रणालीचे, आणि दुसरे, अनेक फाइल प्रणाली एकावर एक रचून त्या एकच असल्याप्रमाणे दाखवण्याचे. पहिल्यासाठी स्क्वॉशएफएस वापरात आली. तिचा समावेश २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत झाला. दुसऱ्यासाठी आधी युनियनएफएस आणि २००६ पासून एयूएफएस ही तंत्रे वापरली जात होती, परंतु ती मुख्य कर्नलचा भाग झाली नाहीत. डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या आवृत्तीत ओव्हरलेएफएस समाविष्ट झाल्यावर ही सोय कर्नलमध्येच उपलब्ध झाली.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर २०१२ मध्ये 'विंडोज टू गो' ही सोय दिली होती. ती थरांवर आधारलेली नव्हती. तीत संपूर्ण विंडोज बाह्य ड्राइव्हवर बसवलेली असे. २०२० मधील विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली.

कार्यपद्धती

स्थायी साठवणीचे काम थरांच्या तत्त्वावर चालते. खालचा थर म्हणजे पेनड्राइव्हवरील संपीडित मूळ प्रणाली. तो कधीही बदलत नाही. वरचा थर लिहिता येण्याजोगा असतो. वापरकर्त्याला या दोहोंचे एकत्रित रूप दिसते. ओव्हरलेएफएसमध्ये या थरांचे नियम पुढीलप्रमाणे आहेत:

• वाचन: मागितलेली फाइल वरच्या थरात असल्यास ती दिली जाते, नसल्यास खालच्या थरातील दिली जाते.
• बदल: खालच्या थरातील फाइलमध्ये बदल करायचा झाल्यास ती आधी पूर्णपणे वरच्या थरात उतरवली जाते आणि मग बदल होतो. एका अक्षराच्या बदलासाठीही संपूर्ण फाइलची नक्कल होते.
• खोडणे: खालच्या थरातील फाइल प्रत्यक्षात खोडता येत नाही. वरच्या थरात तिच्या नावाची एक विशेष खूण ठेवली जाते व त्यामुळे ती दिसेनाशी होते. म्हणून मूळ प्रणालीतील सॉफ्टवेअर काढून टाकले तरी पेनड्राइव्हवरील जागा मोकळी होत नाही.

साध्या लाइव्ह सत्रात वरचा थर रॅममध्ये असतो, तर स्थायी सत्रात तो पेनड्राइव्हवर असतो. यांपैकी कोणता वापरायचा हे संगणक सुरू होतानाच ठरते. बूटलोडर कर्नलला एक सूचना-शब्द देतो. उबुंटूमध्ये तो 'पर्सिस्टंट' आणि डेबियनमध्ये 'पर्सिस्टन्स' असा आहे. हा शब्द मिळाल्यास प्रारंभिक प्रणाली विशिष्ट नावाची पार्टिशन किंवा फाइल शोधते आणि ती वरच्या थराच्या जागी जोडते. शब्द दिलेला नसेल किंवा ठरलेल्या नावाची जागा सापडली नाही, तर सत्र सामान्यतः नेहमीप्रमाणे रॅमवरच सुरू होते. पडद्यावर दोन्ही सत्रे सारखीच दिसत असल्याने वापरकर्त्याला हा फरक बहुधा काम गमावल्यावरच कळतो. त्यामुळे महत्त्वाचे काम करण्यापूर्वी एखादी छोटी फाइल तयार करून, संगणक पुन्हा सुरू करून ती शिल्लक आहे का हे पाहणे ही खात्रीची चाचणी मानली जाते.

प्रकार

फाइलमधील साठवण: पेनड्राइव्हवर ठरावीक आकाराची एक मोठी फाइल तयार करून तिच्या आत स्वतंत्र फाइल प्रणाली मांडली जाते. पेनड्राइव्हची नव्याने विभागणी करावी लागत नसल्याने ही पद्धत सोपी आहे. मात्र पेनड्राइव्ह फॅट३२ स्वरूपाचा असल्यास एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा कमीच ठेवावा लागतो, कारण ती त्या स्वरूपाची कमाल मर्यादा आहे.

पार्टिशनमधील साठवण: पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत स्वतंत्र पार्टिशन करून तिला ठरलेले नाव दिले जाते. उबुंटूमध्ये पूर्वीपासून 'कॅस्पर-आरडब्ल्यू' हे नाव असून अलीकडील आवृत्त्यांत 'रायटेबल' हेही ओळखले जाते. डेबियनमध्ये पार्टिशनचे नाव 'पर्सिस्टन्स' ठेवून तीत त्याच नावाची एक मांडणी-फाइल ठेवावी लागते. कोणते फोल्डर टिकवायचे हे तिच्यात लिहिलेले असते. ती फाइल नसेल तर पार्टिशन असूनही साठवण होत नाही. या पद्धतीत ४ जीबीची मर्यादा राहत नाही.

केवळ वैयक्तिक फोल्डरची साठवण: वापरकर्त्याच्या 'होम' फोल्डरपुरतीच स्थायी जागा दिली जाते. दस्तऐवज, ब्राउझरच्या खुणा आणि पडद्याची मांडणी टिकते. नव्याने बसवलेले सॉफ्टवेअर मात्र टिकत नाही.

निवडक साठवण: २००९ मध्ये सुरू झालेल्या, खासगीपणावर भर देणाऱ्या टेल्स या प्रणालीत वापरकर्ता कोणत्या प्रकारची माहिती टिकवायची हे एकेक करून निवडतो. साठवण कूटबद्ध असते व सत्राच्या प्रारंभी परवलीचा शब्द दिल्यासच उघडते. तो न दिल्यास सत्र पूर्णतः विस्मरणशील राहते.

सत्रान्ती साठवण: पपी लिनक्स पहिल्या वेळी संगणक बंद करताना बदल जतन करायचे का, असे विचारते आणि त्यासाठी फाइल तयार करते. पेनड्राइव्हची झीज कमी व्हावी म्हणून बदल रॅममध्ये साठवून ते ठरावीक अंतराने किंवा बंद करताना एकदमच लिहिण्याची सोयही तीत आहे.

निर्मितीची साधने

लाइव्ह प्रणालीची प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवल्यास तीवरील फाइल प्रणाली केवळ वाचनीयच राहते. बलेनाएचर हे लोकप्रिय साधन याच प्रकारचे आहे. ते स्वतः स्थायी साठवण तयार करत नाही. अशा वेळी उरलेल्या जागेत वेगळी पार्टिशन करता येते. परंतु बूटलोडरची मांडणी-फाइल बदलता येत नसल्याने सूचना-शब्द प्रत्येक वेळी हाताने टंकावा लागतो.

विंडोजवर चालणाऱ्या रूफस या साधनात २०१९ पासून उबुंटू व डेबियनसाठी स्थायी पार्टिशन करण्याची सोय आहे. त्यात एका पट्टीवर साठवणीचा आकार निवडता येतो व सूचना-शब्द आपोआप जोडला जातो. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयमध्ये एकाच पेनड्राइव्हवर अनेक प्रतिमा-फाइली ठेवता येतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र साठवण-फाइल जोडता येते. उबुंटूसाठी एमकेयूएसबी व फेडोरासाठी लाइव्हसीडी-टूल्स ही लिनक्सवरील साधने वापरली जातात.

ही साधने वापरताना पेनड्राइव्हवरील आधीची सर्व माहिती सामान्यतः पुसली जाते. तसेच चुकीचे उपकरण निवडल्यास हार्ड डिस्कच पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून निवडलेल्या उपकरणाचे नाव व आकार तपासून घेणे आवश्यक असते.

मराठी वापरातील परिणाम

कोणता थर टिकतो याचा परिणाम मराठीतील कामात स्पष्ट दिसतो. ग्नोमसारख्या वातावरणात इनस्क्रिप्ट किंवा ध्वन्यात्मक कळफलकाची निवड 'होम' फोल्डरमधील मांडणी-फाइलींत नोंदवली जाते. त्यामुळे ती केवळ वैयक्तिक फोल्डर टिकवणाऱ्या साठवणीतही राहते. याउलट नवी टंकलेखन पद्धती, मराठी शुद्धलेखन-तपासणीचा शब्दकोश किंवा मराठी भाषेचा संच पॅकेजच्या रूपात बसवल्यास तो प्रणालीच्या मुख्य फोल्डरांत जातो. तो टिकवण्यासाठी संपूर्ण प्रणालीची साठवण लागते. अन्यथा पुढील सत्रात कळफलकाची निवड दिसते, पण ती चालवणारे सॉफ्टवेअर नसते.

टंकांच्या बाबतीत मधला मार्ग उपलब्ध आहे. देवनागरी टंकाची फाइल 'होम' फोल्डरमधील टंकांसाठीच्या उपफोल्डरात ठेवल्यास पॅकेज न बसवताही तो वापरता येतो आणि टिकतो. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॉस लिनक्स या डेबियन-आधारित वितरणात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय मूळ प्रणालीतच दिलेली आहे. खालच्या थरातच भाषा असल्याने तिच्यासाठी वरच्या थरातील जागा खर्च होत नाही.

शालेय वापर: खैराट आणि शुगर ऑन अ स्टिक

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रायोगिक उपक्रम २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत सुरू झाला. तेथील मुलांना एक्सओ हे छोटे लॅपटॉप देण्यात आले. या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हती. प्रणाली आणि मुलांचे काम हे दोन्ही १ जीबीच्या अंतर्गत फ्लॅश स्मृतीत राहत असे. त्यावरील शुगर या वातावरणात 'जर्नल' नावाची रोजनिशी असते. मुलाने काढलेले चित्र, लिहिलेला मजकूर, घेतलेले छायाचित्र हे सर्व वेगळे जतन न करता तिच्यात आपोआप नोंदवले जाते.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप देणे शक्य नसलेल्या शाळांसाठी शुगर लॅब्सने जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. फेडोरावर आधारित ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. संगणक शाळेचा किंवा घरचा कोणताही असला, तरी मुलाची रोजनिशी पेनड्राइव्हसोबत फिरावी ही तिची कल्पना होती. त्यामुळे स्थायी साठवण ही या प्रणालीत दुय्यम सोय नसून तिचा मूलाधारच होती.

याच ठिकाणी त्या काळच्या फेडोरा रचनेतील एक गंभीर मर्यादा समोर आली. तीत बदलांची नोंद फाइलींच्या पातळीवर न होता डिस्कवरील ठोकळ्यांच्या पातळीवर होत असे. एकदा वापरलेला ठोकळा, फाइल खोडली तरी, परत मिळत नसे. रोजच्या वापराने राखीव जागा केवळ कमीच होत जाई आणि ती संपताच संपूर्ण वरचा थर निरुपयोगी ठरे. काही वेळा प्रणाली सुरूही होत नसे. थर नव्याने सुरू केल्यास प्रणाली चालू होई, पण त्यातील सर्व काम जात असे. यावर उपाय म्हणून 'होम' फोल्डर स्वतंत्र साठवण-फाइलीत ठेवण्याची सोय वापरली गेली. त्यामुळे प्रणालीचा थर भरला वा पुसावा लागला तरी रोजनिशी सुरक्षित राहते. फेडोराच्या पुढील साधनांत ओव्हरलेएफएसचा पर्यायही आला. प्रणालीतील बदल आणि वापरकर्त्याचे काम यांच्या साठवणी वेगळ्या ठेवाव्यात, हे तत्त्व इतर वितरणांनाही लागू पडते.

मर्यादा आणि धोके

जागेची मर्यादा: ब्राउझरचा तात्पुरता साठा आणि सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्त्या वरचा थर झपाट्याने भरतात. मूळ प्रणालीतील पॅकेज अद्ययावत केल्यास जुनी प्रत खालच्या थरात तशीच राहते आणि नवी प्रत वरच्या थरात जागा घेते.

कर्नलचे अद्ययावतीकरण: स्थायी थर जोडला जाण्यापूर्वीच कर्नल सुरू झालेला असतो. तो पेनड्राइव्हवरील मूळ जागेवरून घेतला जातो. म्हणून स्थायी थरात नवा कर्नल बसवूनही सहसा जुनाच चालतो आणि जागा मात्र खर्च होते.

आवृत्तीबदल: मूळ प्रणालीची प्रतिमा बदलून तिच्यावर जुना स्थायी थर तसाच चढवणे धोक्याचे असते. वरच्या थरातील जुनी पॅकेज-नोंदवही खालची नवी नोंदवही झाकून टाकते आणि प्रणाली विसंगत होते. नव्या आवृत्तीवर जाताना दस्तऐवज बाहेर काढून साठवण नव्याने करणे श्रेयस्कर ठरते.

पेनड्राइव्हची झीज: फ्लॅश स्मृतीतील पेशी मर्यादित वेळाच लिहिता येतात. संचालन प्रणाली सतत लहान लहान नोंदी करत असते आणि साध्या पेनड्राइव्हमधील नियंत्रक अशा कामासाठी बनवलेला नसतो. स्वॅप बंद ठेवणे आणि फाइल वाचल्याच्या वेळेची नोंद थांबवणे यांमुळे झीज कमी होते.

अचानक खंड: लिहिण्याची माहिती काही काळ रॅममध्ये थांबून मग पेनड्राइव्हवर उतरते. या अवधीत वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर शेवटचे काम हरवते आणि फाइल प्रणालीही बिघडू शकते. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉप संगणकावर हा धोका अधिक असतो. ईएक्सटी४ सारख्या नोंदवहीयुक्त फाइल प्रणालीमुळे रचनेची दुरुस्ती सुलभ होते. मात्र न लिहिलेला मजकूर परत मिळत नाही.

प्रतीचा अभाव: स्थायी साठवण ही राखीव प्रत नव्हे. सर्व काम एकाच लहान उपकरणावर असते आणि ते हरवू, तुटू वा निकामी होऊ शकते. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक असते. वरचा थर एखाद्या फाइलच्या आत असल्यास प्रणाली बंद असताना त्या संपूर्ण फाइलची नक्कल करून ठेवता येते.

सुरक्षितता

अनेक लाइव्ह प्रणालींत पूर्वनिश्चित वापरकर्ता असतो आणि त्याला पासवर्ड नसतो किंवा तो सर्वज्ञात असतो. साधी स्थायी साठवण कूटबद्ध नसते. त्यामुळे पेनड्राइव्ह सापडलेल्या व्यक्तीला तो दुसऱ्या लिनक्स संगणकास जोडून त्यावरील दस्तऐवज, वाय-फायचे पासवर्ड आणि ब्राउझरमधील सत्रे वाचता येतात. ल्युक्स या पद्धतीने साठवण कूटबद्ध केल्यास हा धोका टळतो. डेबियनच्या लाइव्ह प्रणालीत ही सोय आहे आणि टेल्समध्ये ती अनिवार्य आहे. परवलीचा शब्द विसरल्यास कूटबद्ध माहिती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

स्थायी साठवणीमुळे लाइव्ह प्रणालीचा स्वच्छतेचा गुण कमी होतो, हेही लक्षात घ्यावे लागते. सत्रात शिरलेले घातक सॉफ्टवेअर साध्या लाइव्ह प्रणालीत बंद करताच जाते, तर स्थायी थरात ते टिकून राहू शकते.

पूर्ण प्रतिष्ठापनेशी तुलना

पेनड्राइव्हलाच हार्ड डिस्क मानून त्यावर संपूर्ण प्रणाली बसवणे हा स्थायी साठवणीचा पर्याय आहे. त्यात थर नसतात. कर्नलसह सर्व काही अद्ययावत करता येते व खोडलेल्या फाइलींची जागा मोकळी होते. मात्र त्याला अधिक जागा लागते, पेनड्राइव्हवर लेखन अधिक होते आणि प्रणाली बिघडल्यास मूळ अवस्थेत परतणे सोपे नसते. स्थायी लाइव्ह प्रणालीत सूचना-शब्द न देता संगणक सुरू केला की मूळ स्वच्छ प्रणाली पुन्हा उपलब्ध होते आणि तेथून बिघडलेल्या थरातील फाइली अनेकदा बाहेर काढता येतात. अधूनमधून किंवा अनेकांच्या संगणकांवर होणाऱ्या वापरासाठी स्थायी लाइव्ह यूएसबी, तर रोजच्या दीर्घकालीन वापरासाठी बाह्य एसएसडीवरील पूर्ण प्रतिष्ठापना अधिक योग्य समजली जाते.

हेही पाहा

• लिनक्स
• उबुंटू
• डेबियन
• बॉस लिनक्स
• वन लॅपटॉप पर चाइल्ड
• फ्लॅश स्मृती